प्येअर-जोझेफ प्रूदाँ : एक मुद्रक आणि त्याचे दोन वारस

अराज्यवाद हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बेबंदशाही उभी राहते. राज्य नाही म्हणजे कायदा नाही आणि कायदा नाही म्हणजे बळी तो कान पिळी, असा आपला सरळ हिशेब असतो. पण हा शब्द स्वतःला अभिमानाने लावून घेणारा पहिला मोठा विचारवंत छापखान्यात खिळे जुळवून पोट भरणारा, काटकसरी आणि कुटुंबवत्सल गृहस्थ होता. प्येअर-जोझेफ प्रूदाँ हे त्यांचे नाव.

आज जगात अराज्यवादी म्हणवणाऱ्यांचे दोन तट आहेत. डाव्या तटाला वाटते की राज्याबरोबर भांडवलदाराची मालकी आणि मजुरीची पद्धतही गेली पाहिजे. दुसऱ्या तटाला वाटते की राज्य तेवढे बाजूला झाले की मालकी, करार आणि खुला बाजार यांच्या बळावर समाज नीट चालेल. हे दोन तट पुष्कळदा एकमेकांना अराज्यवादी मानायलाही तयार नसतात. आणि तरी दोघांच्याही वंशावळीत प्रूदाँ यांचे नाव सापडते. असे का झाले हे त्यांच्या आयुष्यातूनच चांगले कळते, म्हणून या वेळी आम्ही त्यांचे चरित्र निवडले आहे.

वडिलांची बिअर

प्रूदाँ यांचा जन्म १५ जानेवारी १८०९ रोजी पूर्व फ्रान्समधल्या बझाँसाँ या गावी झाला. लेखक व्हिक्टर ह्यूगो आणि समाजवादी विचारवंत शार्ल फूरिये हेही याच गावचे. वडील क्लोद-फ्रान्स्वा लाकडी पिंपे बनवण्याचे काम करत. पुढे त्यांनी स्वतःची बिअर गाळून विकायला सुरुवात केली. आई कातरीन शेतकरी घरातली, कष्टाळू आणि करारी होती. मुलाने लहानपणी गुरे राखली.

वडिलांचा धंदा मुलाच्या मनावर कायमचा कोरला गेला. बिअर तयार करायला जो खर्च आला त्यात आपल्या मेहनतीची मजुरी मिळवायची आणि तेवढ्याच भावाने ती विकायची, असा त्यांचा नेम होता. त्याहून जास्त घेणे त्यांना गिऱ्हाइकाला लुबाडल्यासारखे वाटे. शेजारचे दुकानदार बाजार पाहून भाव चढवत आणि श्रीमंत होत. प्रूदाँ यांच्या वडिलांचा धंदा मात्र बुडाला. घरावर कर्ज आले आणि जमिनीच्या तुकड्यावरही पाणी सोडावे लागले. सरळपणाने वागणारा माणूस बाजारात टिकत का नाही, हा प्रश्न मुलाला तिथे पडला. पुढे त्यांनी जे लिहिले त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

मुलगा हुशार होता. गावच्या चांगल्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला, पण पुस्तके घ्यायला पैसे नसत. सोबत्यांची पुस्तके मागून आणायची आणि रात्री उतरवून काढायची, असे शिक्षण चालले. एका वर्षी शाळेतली बक्षिसे घेऊन तो घरी आला, तर घरच्यांचा जमिनीचा दावा हरल्याची बातमी आलेली होती. अखेर १८२७ साली शिक्षण अर्धवट सोडून त्याला छापखान्यात नोकरी धरावी लागली.

छापखाना हेच विद्यापीठ

तेव्हा बझाँसाँच्या छापखान्यांत धर्मग्रंथांची छपाई मोठ्या प्रमाणात चाले. प्रूदाँ खिळे जुळवायला शिकले, मग मुद्रितशोधक झाले. लॅटिन मजकूर तपासताना धर्मशास्त्र वाचून झाले आणि बायबलच्या निमित्ताने हिब्रूही शिकून झाली. फूरिये यांचे एक पुस्तक १८२९ मध्ये याच गावात छापायला आले आणि त्याची मुद्रिते प्रूदाँ यांच्या हाताखालून गेली. कामगाराला एवढे वाचायला मिळेल असे त्या काळी दुसरे ठिकाण क्वचितच असेल.

त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला, पण तो चालला नाही. एका भागीदाराने १८३८ मध्ये आत्महत्या केली आणि छापखान्याचे देणे प्रूदाँ यांच्या डोक्यावर राहिले. व्याजाविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या या माणसाला व्याज म्हणजे काय ते असे घरच्या अनुभवातून कळले होते.

त्याच वर्षी बझाँसाँच्या विद्वत्सभेने त्यांना तीन वर्षांसाठी दरसाल १५०० फ्रँकची शिष्यवृत्ती दिली. एका गरीब पण होतकरू मुद्रकाला मदत करावी, असा सभेचा भला हेतू होता. या मदतीतून प्रूदाँ यांनी १८४० मध्ये मालमत्ता म्हणजे काय, या प्रश्नावरचे पुस्तक लिहिले आणि ते त्याच विद्वत्सभेला अर्पण केले. पुस्तकाने मालमत्तेची गणना थेट चोरीत केली होती. त्यात लेखकाने स्वतःला अराज्यवादीही म्हणवून घेतले होते. सभेची मोठी अडचण झाली. दोन वर्षांनी याच विषयावरच्या तिसऱ्या पुस्तकाबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले.

या पुस्तकाविषयी एक गैरसमज आजही आहे. प्रूदाँ यांना शेतकऱ्याचे शेत किंवा सुताराची हत्यारे काढून घ्यायची नव्हती. माणूस जे स्वतः कसतो, वापरतो, ज्यात राहतो, त्यावरचा त्याचा ताबा त्यांना मान्य होता. त्यांचा रोख होता तो दुसऱ्याच्या घामावर बसून मिळणाऱ्या मिळकतीवर. जमिनीचा खंड, घराचे भाडे, पैशाचे व्याज आणि मजुराच्या कामातून मालकाला उरणारा नफा हे त्यांच्या लेखी अन्यायाचे पैसे होते. त्यांचे म्हणणे असे, की दोनशे मजूर एकत्र येऊन काही तासांत जे उचलतील ते एकटा मजूर दोनशे दिवसांतही उचलू शकत नाही. मालक मात्र प्रत्येकाला एकट्याची मजुरी देतो आणि एकत्र येण्याने जे जास्तीचे बळ तयार झाले त्याचे फळ स्वतःकडे ठेवतो.

ताबा हवा, पण मालकीचा विशेषाधिकार नको, या भूमिकेत पुढच्या भांडणाचे बीज आहे. डाव्यांनी त्यातला दुसरा भाग उचलला, बाजारवाद्यांनी पहिला.

लियाँचे विणकर

१८४३ ते १८४७ या काळात प्रूदाँ यांनी नदीवरून मालवाहतूक करणाऱ्या एका पेढीत लियाँ शहरी नोकरी केली. लियाँ हे रेशमाचे शहर. तिथल्या विणकरांनी १८३१ आणि १८३४ मध्ये मजुरीच्या दरासाठी उठाव केले होते आणि सैन्याने ते चिरडले होते. या विणकरांच्या परस्पर मदतीच्या संस्था होत्या. आजारपणात, बेकारीत एकमेकांना आधार द्यायचा आणि दर पडू लागले की एकजुटीने उभे राहायचे, अशी त्यांची रीत होती. प्रूदाँ यांनी आपल्या विचाराला पुढे जे नाव दिले ते या विणकरांकडूनच आले. मराठीत त्याला परस्परवाद किंवा अन्योन्यवाद म्हणता येईल.

याच काळात पॅरिसला त्यांची मार्क्स आणि बाकुनिन यांच्याशी ओळख झाली. मार्क्स यांनी १८४६ मध्ये पत्र पाठवून त्यांना आपल्या पत्रव्यवहार मंडळात यायचे निमंत्रण दिले. प्रूदाँ यांनी उत्तरात सहकार्याची तयारी दाखवली, पण जुने धर्ममत मोडून त्या जागी आपणच नवे धर्ममत बसवू नये, असेही सुनावले. त्याच वर्षी त्यांचा आर्थिक विसंगतींवरचा मोठा ग्रंथ आला आणि १८४७ मध्ये मार्क्स यांनी त्यावर एक जळजळीत पुस्तक लिहिले. मैत्री तिथे संपली.

क्रांती आणि लोकांची बँक

फेब्रुवारी १८४८ मध्ये फ्रान्सचा राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. प्रूदाँ वृत्तपत्र काढून लोकांपुढे आले आणि जूनमधल्या पोटनिवडणुकीत राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. त्याच महिन्यात बेकारांसाठी उघडलेल्या सरकारी कार्यशाळा बंद करण्यावरून पॅरिसच्या कामगारांनी उठाव केला. सैन्याने तो रक्तात बुडवला. उठावाच्या बाजूने बोलणारे सभेत जवळजवळ कोणी उरले नाही.

प्रूदाँ यांनी जुलैअखेर सभेत भाषण केले. भाडे, खंड आणि कर्जाची येणी यांतला एक तृतीयांश भाग सोडून द्यावा, म्हणजे व्यापार पुन्हा चालू लागेल, अशी त्यांची सूचना होती. सभेने ती ६९१ विरुद्ध २ मतांनी धिक्कारली. त्या दोनांतले एक मत प्रूदाँ यांचे स्वतःचे आणि दुसरे लियाँच्या ग्रेपो या प्रतिनिधीचे.

सरकारकडून काही होणार नाही हे ठरल्यावर त्यांनी लोकांनीच चालवायची बँक उभारायला घेतली. ३१ जानेवारी १८४९ रोजी तिचा दस्त झाला. प्रत्येकी ५ फ्रँकचे भाग ठेवले होते. कारागिराला माल आणि हत्यारे घ्यायला पैसा लागतो, तो पैसा सावकार किंवा बँक व्याजाने देते आणि ते व्याज मालाच्या भावात मिसळते. ही साखळी तोडायची तर कारागिरांनी एकमेकांच्या मालाला आणि मेहनतीलाच तारण मानायचे. बँक सभासदांच्या हुंड्या घेऊन त्यांना आपली चलनपत्रे देणार आणि सभासद एकमेकांकडे ती पत्रे घेणार. व्याज सुरुवातीला २ टक्के आणि पुढे कमी करत पाव टक्क्यावर, म्हणजे कारभाराच्या खर्चापुरते. पत स्वस्त झाली की कामगाराला मालकाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. तो स्वतःचा धंदा करील किंवा चौघांना घेऊन सहकारी कारखाना काढील. भांडवलदाराची सत्ता कायद्याने काढून घेण्याची गरजच पडणार नाही, ती आपोआप सुकून जाईल, असा हा विचार होता.

बँक सुरू झालीच नाही. राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन यांच्यावर लिहिलेल्या लेखांबद्दल मार्च १८४९ मध्ये प्रूदाँ यांना तीन वर्षांची कैद आणि ३००० फ्रँक दंड झाला. जमलेले पैसे लोकांना परत करायची व्यवस्था लावून त्यांनी बँक गुंडाळली. काही दिवस ते बेल्जियमला निसटले, पण परत आल्यावर जूनमध्ये पकडले गेले.

तुरुंगातून चाललेला वाद

तुरुंगात त्यांना लिहायची आणि लोकांना भेटायची बरीच मोकळीक होती. ३१ डिसेंबर १८४९ रोजी, कैदेत असतानाच, त्यांनी युफ्राझी प्येगार या कामगार स्त्रीशी लग्न केले. आणि याच काळात त्यांचा फ्रेदेरिक बास्तिया यांच्याशी प्रसिद्ध वाद झाला.

बास्तिया हे खुल्या व्यापाराचे फ्रान्समधले सर्वांत वाचले जाणारे लेखक आणि राष्ट्रीय सभेचे सभासद होते. सरकारी जकाती, अनुदाने, एका वर्गाच्या खिशातून काढून दुसऱ्याला देणे, हे सारे त्यांना नामंजूर होते. सरकारचा हात आखडता असावा याबद्दल दोघांचे बरेच जमत होते. मतभेद व्याजावर होता. ऑक्टोबर १८४९ पासून पुढचे काही महिने दोघांची पत्रे प्रूदाँ यांच्याच वृत्तपत्रात छापली गेली.

बास्तिया यांचा मुद्दा सुतारकामाच्या उदाहरणाने समजतो. एका सुताराने स्वतःची कामे बाजूला ठेवून दहा दिवस खपून रंधा बनवला. दुसरा सुतार तो वर्षभर मागतो. वर्षाने रंधा झिजलेला असणार, म्हणून नवा रंधा परत करणे तर आलेच. पण त्या वर्षात रंध्यामुळे दुसऱ्याला जो फायदा झाला आणि पहिल्याला ज्याच्यावाचून राहावे लागले, त्याचे काही देणे लागत नाही का? एखादी फळी जास्तीची दिली तर त्यात लुबाडणूक कुठे आली? थांबणे हीही सेवाच आहे आणि सेवेला मोबदला असतो, असे त्यांचे म्हणणे.

प्रूदाँ यांनी एकट्या सुताराचे उदाहरण फार ताणले नाही. एके काळी कर्ज देण्यात जोखीम होती, पैसा दुर्मिळ होता, तेव्हा व्याजाला काही आधार होता, हे त्यांनी मान्य केले. पण आता पतव्यवहार संघटित करता येतो. बँकेला नोटा काढायचा विशेषाधिकार सरकार देते, त्यामुळे पत महाग राहते, आणि त्या महागाईचा फायदा ज्याच्याकडे आधीच आहे त्याला होतो. ही कृत्रिम टंचाई दूर झाली तर व्याज टिकेल कशावर, असा त्यांचा सवाल होता.

शेवटी दोघेही चिडले आणि वाद तुटला. बास्तिया तेव्हा क्षयाने आजारी होते. डिसेंबर १८५० मध्ये ते रोम येथे वारले. कोणी कोणाला पटवू शकले नाही. पण पुढच्या दीडशे वर्षांतला अराज्यवाद्यांचा घरगुती वाद या पत्रांत बहुतेक सगळा येऊन गेला आहे.

याच १८४९ सालच्या फेब्रुवारीत बास्तिया यांच्याच गोटातल्या ग्युस्ताव्ह द मोलिनारी या तरुण अर्थशास्त्र्याने एक लेख लिहिला होता. बाकी सगळ्या वस्तूंत स्पर्धा चांगली, तर पोलीस आणि न्याय यांतही स्पर्धा का नको, असे त्याने विचारले. बास्तियांसह सगळ्या सहकाऱ्यांना हे अतिरेकी वाटले. आज बाजारवादी अराज्यवाद्यांचा एक पंथ आपले मूळ या लेखात पाहतो.

डावीकडून आलेला घाव

तुरुंगातच प्रूदाँ यांनी १८५१ मध्ये क्रांतीच्या स्वरूपावरचे पुस्तक लिहिले. राज्याच्या जागी करारांचे जाळे, शेतकरी आणि कारागीर आपापल्या ताब्यातल्या साधनांवर, आणि रेल्वेसारखे मोठे उद्योग कामगारांच्या संस्थांकडे, असा त्यांचा आराखडा होता. जून १८५२ मध्ये ते सुटले. पुढे १८५४ च्या कॉलऱ्यात ते मरता मरता वाचले. त्यांना चार मुली झाल्या, त्यांपैकी दोघी लहानपणीच गेल्या.

१८५८ मध्ये न्याय या विषयावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. चर्चवरच्या टीकेबद्दल त्यांना पुन्हा तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ते बेल्जियमला निघून गेले. या ग्रंथात न्यायाबद्दल पुष्कळ चांगले विचार आहेत, पण स्त्रियांबद्दलचा भाग वाचताना आजच्या वाचकाला लाज वाटते. स्त्री बुद्धीने आणि नीतीने पुरुषापेक्षा कमी, तिची जागा घरात, असे त्यांनी मांडले आहे. त्यांच्याच गावच्या जेनी देरिकूर यांनी त्याला सडेतोड उत्तर दिले. प्रूदाँ यांच्या खासगी टिपणवह्यांत ज्यूंविषयीही अत्यंत द्वेषपूर्ण मजकूर सापडतो. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवणे आम्हाला बरोबर वाटत नाही.

स्त्रियांविषयीच्या याच मतांवरून डावीकडचा पहिला मोठा घाव आला. झोझेफ देजाक हा भिंतींना कागद चिकटवणारा कामगार आणि कवी, १८४८ नंतर परागंदा होऊन अमेरिकेत गेलेला. १८५७ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून त्याने प्रूदाँ यांना उघड पत्र लिहिले. पुरुषाची पुरुषावरची सत्ता नको आणि पुरुषाची स्त्रीवरची सत्ता हवी, हे कसे, असे त्याने विचारले. अर्धवट अराज्यवाद्यांपासून आपले वेगळेपण दाखवायला त्याने एक नवा फ्रेंच शब्द घडवला. त्याच शब्दावरून इंग्रजीतला लिबर्टेरियन हा शब्द या अर्थाने पुढे रुळला. आज अमेरिकेत बाजारवादी स्वतःला जे नाव लावतात ते मुळात बाजार नाकारणाऱ्या एका कामगाराने दिलेले आहे.

कारण देजाकचा दुसरा मुद्दा बाजाराविषयीच होता. माणसाचा हक्क त्याच्या मेहनतीच्या फळापुरता नाही, त्याच्या गरजा भागण्यावर आहे, असे त्याचे मत. मेहनतीप्रमाणे मोबदला म्हटले की आजारी, म्हातारा, मुलांचे ओझे असलेली बाई यांचे काय, हा प्रश्न येतोच. बिअरचा भाव कितीही प्रामाणिक ठेवला तरी ज्याच्या खिशात तेवढेही नाही त्याला ती मिळत नाही.

अखेरची वर्षे

ब्रसेल्सला असताना १८६१ मध्ये टॉल्स्टॉय त्यांना भेटायला आले. युद्ध आणि शांतता या विषयावर प्रूदाँ यांचा ग्रंथ तेव्हा निघत होता. टॉल्स्टॉय यांनी आपल्या कादंबरीला पुढे तेच नाव दिले. टॉल्स्टॉय यांच्या लेखनाचा गांधीजींवर झालेला परिणाम आपल्याला माहीतच आहे.

१८६२ मध्ये प्रूदाँ फ्रान्सला परतले. १८६३ मध्ये संघराज्याच्या तत्त्वावरचे पुस्तक आले. शेवटच्या आजारपणात ते कामगारवर्गाच्या राजकीय क्षमतेवर लिहीत होते. १९ जानेवारी १८६५ रोजी पॅरिसमधल्या पासी येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याच प्रांतातले चित्रकार कूर्बे यांनी त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे मुलींसोबतचे चित्र रंगवले. पायरीवर बसलेला साधा माणूस, शेजारी पुस्तके, बाजूला दोन मुली.

निधनानंतर मालमत्तेवरचे त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले. ज्या मालमत्तेवर तरुणपणी चोरीचा आरोप ठेवला, तिच्याकडे त्यांनी इथे वेगळ्या बाजूने पाहिले होते. तिचे दोष तेच होते. पण राज्याच्या प्रचंड ताकदीपुढे सामान्य माणसाच्या हाती आडोसा म्हणून तीच एक वस्तू आहे, असे त्यांना आता वाटत होते. त्यांनी मत बदलले असे काही जण म्हणतात. आम्हाला वाटते, दोन्ही गोष्टी त्यांना सुरुवातीपासून दिसत होत्या आणि त्यांतली एकही सोडायची त्यांची तयारी नव्हती.

वारस

पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सुरुवातीला प्रूदाँ यांच्या फ्रेंच अनुयायांचे वजन होते. १८६८ च्या ब्रसेल्स अधिवेशनात मात्र जमीन, खाणी आणि रेल्वे सामूहिक मालकीच्या असाव्यात, असा ठराव झाला. बाकुनिन यांनी प्रूदाँ यांचा राज्यविरोध घेतला आणि त्याला सामूहिक मालकीची जोड दिली. क्रोपोटकिन त्याहून पुढे गेले. १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी कोळशाच्या खाणीचे उदाहरण दिले. खाली कोळसा फोडणारा, वर पाळणा हाकणारा, यंत्र सांभाळणारा, यांतल्या प्रत्येकाचा वाटा किती हे कोण कसे मोजणार? मोजता येत नसेल तर मोबदला आणि भाव हे हिशेबच सोडावेत आणि ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावे.

दुसरी शाखा अमेरिकेत वाढली. तिथे जोसाया वॉरन यांनी प्रूदाँ यांच्या आधीच, १८२७ मध्ये, सिनसिनाटीला एक दुकान काढले होते. माल मूळ खर्चाने मिळे आणि दुकानदाराचा जितका वेळ गेला तो घड्याळावर मोजून तितकी मेहनत गिऱ्हाइकाने द्यायची. बझाँसाँच्या बिअरवाल्याचाच हा भाऊ म्हणायचा. त्याच परंपरेतल्या बेंजामिन टकर यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८७६ मध्ये, प्रूदाँ यांचे मालमत्तेवरचे पुस्तक इंग्रजीत आणले आणि १८८१ ते १९०८ पर्यंत आपले नियतकालिक चालवले. पैसा, जमीन, जकात आणि पेटंट या चार मक्तेदाऱ्या सरकार पोसते. त्या गेल्या की स्पर्धाच व्याज, खंड आणि नफा खाऊन टाकील, असे टकर यांचे प्रतिपादन. ते स्वतःला समाजवादीही म्हणवत. क्रोपोटकिन यांच्या मार्गाने सामुदायिक मालकी आली तर नवी सक्ती येईल, ही त्यांची भीती. आणि टकर यांच्या बाजारातून नवे मालक निपजतील आणि त्यांच्या रक्षणाला पुन्हा राज्य उभे राहील, ही क्रोपोटकिन यांची भीती. उतारवयात टकर यांनाही शंका आली, की भांडवलाचे ढीग आता इतके मोठे झाले आहेत की नुसत्या खुल्या स्पर्धेने ते विरणार नाहीत.

विसाव्या शतकात मरी रॉथबार्ड यांनी टकर यांचा राज्यविरोध ठेवला आणि व्याज व खंड यांवरची टीका टाकून दिली. तिथे प्रूदाँ यांच्यापेक्षा बास्तिया आणि मोलिनारी जिंकले, असे म्हणता येईल. डावे अराज्यवादी त्यामुळेच या पंथाला आपले मानत नाहीत. मालक आणि मजूर राहणार असतील तर सत्ता गेली कुठे, असे ते विचारतात. उलट बाजूने विचारणा होते की, कोणी कोणाशी राजीखुशीने करार केला तर तो अडवणार कोण, आणि अडवणारा राज्याहून वेगळा कसा?

बडोद्याच्या आपल्या मंडळींना या चरित्रातला एक शब्द ओळखीचा वाटला असेल. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी इथे परस्पर साहाय्याची जी मंडळी काढली तिचेही नाव अन्योन्य होते. तिचा प्रूदाँ यांच्याशी काही संबंध होता असे आम्ही सुचवत नाही. चार ओळखीच्या माणसांनी आपली पुंजी एकत्र करून एकमेकांची नड भागवावी, ही गरज प्रत्येक गावात उभी राहते. आणि अशा प्रत्येक पतपेढीच्या बैठकीत केव्हा ना केव्हा तोच वाद निघतो : ज्याच्याकडे तारण ठेवायला काहीच नाही त्याला कर्ज द्यायचे का, दिले तर व्याज किती, आणि ते बुडाले तर कोणी सोसायचे? बास्तिया, देजाक आणि टकर यांची उत्तरे आपण वर पाहिली. प्रूदाँ यांनी आपले उत्तर बँक काढून करून पाहायचे ठरवले होते. ती सुरू होण्याआधीच त्यांना तुरुंगात जावे लागले.